हात लावायचा कोणी?



आज एका परदेशी कादंबरीची गोष्ट सांगणार आहे. पुस्तक इंग्रजीत आहे, देश कोरिया आहे आणि काळ सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या घरच्या पानावर हे कशाला, असे कोणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटले होते. पण पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आला आणि मी हातातले काम बाजूला ठेवले.

एका सरदार घराण्यातल्या बाईचा खून झालेला आहे. पोलीस आले आहेत, त्यांचे अधिकारी आले आहेत. प्रेत तपासायचे आहे. पण सगळे पुरुष नुसते उभे. कारण बाई मोठ्या कुळातली. परक्या पुरुषाने तिच्या देहाला हात लावणे म्हणजे रीतीरिवाजाला बट्टा. ती मेलेली असली तरी कुळाची अब्रू जिवंत आहे ना! मग हात लावायचा कोणी? पुढे ढकलली जाते ती पोलीस ठाण्यात राबणारी सोळा वर्षांची एक दासी. प्रेत तिनेच पालथे-उताणे करायचे, जखम तिनेच पाहायची आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही.

आपल्या वाडवडिलांना ही रीत समजावून सांगावी लागली नसती. मेलेले ढोर ओढायचे कोणी? बेवारस मढे उचलायचे कोणी? मयतीचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री दुसऱ्या गावाला धावायचे कोणी? ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांच्याच हातांवाचून गावाचे पान हलत नव्हते. फरक एवढाच, की आपल्याकडे खालच्याने वरच्याला शिवायचे नाही अशी बंदी होती आणि तिथे वरच्या बाईच्या देहाला शिवण्यासाठी खालचीच लागत होती. पण मूळ हिशेब एकच. एकाची पवित्रता सांभाळण्यासाठी दुसऱ्याचे हात वापरायचे आणि त्या हातांना किंमत द्यायची नाही.

पुस्तकाचे नाव ‘द सायलेन्स ऑफ बोन्स’. मराठीत म्हणायचे तर ‘हाडांचे मौन’. लेखिका जून हर. जन्म दक्षिण कोरियातला, वाढली कॅनडात. हे तिचे पहिले पुस्तक, २०२० साली निघाले. तरुण मुलामुलींसाठी लिहिलेली ही रहस्यकथा आहे. तिच्याच ‘द रेड पॅलेस’ या पुढच्या कादंबरीला २०२३ साली अमेरिकेतला एडगर पुरस्कार मिळाला. रहस्यकथा लिहिणाऱ्यांत तो फार मानाचा समजतात. परंतु मला विचाराल तर सुरुवात या पहिल्या पुस्तकापासून करावी.

पुस्तक आमच्या घरात आणले माझ्या भाचीने. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला कोरियन मालिकांचे भलतेच वेड. हल्ली घरोघरी मुलींना आहे. रेशमी घेरदार पोशाख, राजवाडे, देखणे राजपुत्र. मी तिला चिडवते, ‘अगं, त्या राजपुत्राच्या मागे ताट धरून उभी असते ना, ती कोण आहे ते बघ कधीतरी.’ त्यावर उत्तर म्हणून तिने हे पुस्तक माझ्यापुढे आणून टाकले. म्हणाली, ‘घे आत्या, ताट धरणारीचीच गोष्ट आहे.’

नायिकेचे नाव सॉल. आजच्या राजधानीचे नाव सोल आहे, त्याच्याशी घोटाळा करू नका. त्या काळी राजधानीला हानयांग म्हणत आणि राज्याचे नाव होते जोसन. सॉल अनाथ आहे आणि पोलीस कचेरीला बांधली गेली आहे. अशा मुलींना तिथे ‘दामो’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ चहा करणारी बाई. नाव चहाचे, पण काम सगळे. झाडलोट, पाणी, निरोप आणि जिथे बाईमाणसाला शिवायचे असेल ती प्रत्येक गोष्ट. मेलेलीला तपासणे, जिवंत आरोपी बाईला धरणे, बायकांच्या माजघरात शिरून कानोसा घेणे. सॉलने एकदा पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. त्याची शिक्षा म्हणून तिच्या गालावर दासीचे अक्षर डागलेले आहे. आरशात पाहिले तरी तेच दिसणार आणि रस्त्याने चालली तरी लोकांना तेच दिसणार.

तिच्या उराशी एक वचनही आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचा भाऊ राजधानीकडे गेला आणि परत आला नाही. त्याची कबर शोधून काढीन, असे तिने मोठ्या बहिणीला कबूल केले आहे. म्हणजे एकीकडे सरकारचा तपास आणि दुसरीकडे तिचा स्वतःचा. हान नावाचा एक तरुण अधिकारी तिला बरोबर घेतो. तो हुशार आहे, दिलदार आहे, तिच्या बुद्धीची कदर करतो. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला ‘तू काय पाहिलेस?’ असे विचारतो. तिला तो देवमाणूस वाटू लागतो. आणि मग संशयाची सुई त्याच्याकडेच वळते. आता मुलीने काय करायचे? ज्याने माणूस म्हणून वागवले त्याच्या बाजूने उभे राहायचे की डोळ्यांनी दिसते त्याच्या?

यापुढचे कथानक मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट फोडणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणे. मात्र या प्रश्नापाशी थोडे थांबू या. आपल्या समाजातल्या किती मुली पहिल्यांदा शिकून नोकरीला लागल्या आणि एखाद्या वरिष्ठाने चार शब्द आपुलकीने बोलल्यावर भारावून गेल्या! त्यात त्यांची चूक काही नाही. पिढ्यानपिढ्या ज्यांना हाडहूड ऐकावी लागली, त्यांना साधी माणुसकीसुद्धा उपकारासारखी वाटते. सॉलचे तसेच होते. ती कृतज्ञ आहे आणि कृतज्ञता ही सुद्धा एक दोरी असते, हे तिला हळूहळू कळत जाते. कादंबरीतला हा भाग मला सगळ्यांत खरा वाटला. खुनाच्या उलगड्यापेक्षाही.

आता थोडे त्या समाजाविषयी, म्हणजे पुस्तक वाचताना अडखळायला होणार नाही.

जोसनचे राज्य १३९२ साली सुरू झाले आणि १९१० पर्यंत टिकले. राज्याचा पाया कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर. सर्वांत वर यांगबान, म्हणजे विद्वान आणि अधिकारी घराणी. त्यांच्याखाली कारकून, वैद्य, दुभाषे वगैरे लोक. त्याखाली शेतकरी, कारागीर, व्यापारी. आणि तळाशी हीन मानलेले लोक. त्यांत गुलाम होते, जनावरे कापणारे होते, अंगात येणाऱ्या भगतिणी होत्या, नाचगाणे करणाऱ्या होत्या. चार पायऱ्या म्हटल्यावर आपल्याला लगेच चातुर्वर्ण्य आठवते. पण घाई नको. तिथला गुलाम, ज्याला ते नोबी म्हणत, तो अस्पृश्य नव्हता. तो मालकाचा स्वयंपाक करी, मालकाची मुले सांभाळी. मात्र तो विकला जाई, बक्षीस दिला जाई, वाटणीत भावाभावांमध्ये वाटला जाई. आणि जन्म सुटत नव्हता. १७३१ पासूनचा कायदा असा की आई दासी असेल तर मूल दासच. बाप कोणीही असो! यांगबानाच्या घरात दासीला झालेले मूल त्याच घरात गुलाम म्हणून वाढे. यातले काय काय घडत असेल ते मी लिहीत नाही. आपल्या आयाबहिणींना ते लिहून सांगायची गरज नाही.

आपल्याशी जवळचे कोण म्हणाल, तर ते बेकजोंग. हे जनावरे कापणारे, कातडे कमावणारे, वेताच्या टोपल्या विणणारे. गावाबाहेर वेगळी वस्ती. कौलारू घर बांधायचे नाही, रेशीम घालायचे नाही, इतर पुरुषांसारखी काळी टोपी डोक्यावर ठेवायची नाही. बांबूच्या कामट्यांची टोपी घालायची, म्हणजे लांबूनच ओळखू यावा. शेतकऱ्याचे शेंबडे पोर समोर आले तरी म्हाताऱ्या बेकजोंगाने अदबीने बोलायचे. हे वाचताना हजारो मैलांचे अंतर कुठच्या कुठे जाते.

कादंबरीचा काळ १८०० सालचा. त्या वर्षी राजा जोंगजो वारला आणि दहा वर्षांचा सुन्जो गादीवर आला. कारभार गेला जोंगसुन नावाच्या वृद्ध राणीकडे. नात्याने ती बालराजाच्या पणजोबांची राणी. या बाईने १८०१ च्या सुरुवातीला, चांद्र वर्षाच्या एकाच महिन्यात दोन हुकूम काढले. पहिला, राज्यात शिरलेल्या ख्रिस्ती पंथाचा नायनाट करा. त्यासाठी पाच-पाच घरांची एक टोळी करून एकमेकांवर नजर ठेवायची जुनी पद्धत वापरली. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चहाडी करायची. शेकडो लोक मारले गेले, आणखी कित्येक हद्दपार झाले. दुसरा हुकूम मात्र ऐकून चक्रावायला होते. राजवाड्याच्या आणि राजधानीतल्या सरकारी खात्यांच्या मालकीच्या ६६ हजारांहून अधिक गुलामांना तिने मुक्त केले आणि त्यांच्या नावांच्या वह्या राजवाड्याच्या दोनह्वामुन दरवाजाबाहेर जाळून टाकल्या.

वह्या जाळल्या! मला एकदम महाड आठवले. २५ डिसेंबर १९२७. पण भाचीने माझा उत्साह तिथेच थांबवला. म्हणाली, ‘आत्या, इथे आग कोणी लावली? राणीनेच ना? मग महाडशी कसे काय जमेल?’ मुलीचे बरोबर होते. मी तो इतिहास पुन्हा नीट वाचला, तेव्हा उलगडा झाला. राणीला काही करुणेचा पाझर फुटला नव्हता. गुलाम गेली कित्येक दशके पळत होते. वहीत नाव असे, पण माणूस जागेवर नसे. त्यांच्याकडून येणारी वसुली कागदावरच राहिली होती. त्यापेक्षा त्यांना मोकळे करून साधी रयत केले तर निदान कर तरी मिळेल, असा तो हिशेब. खासगी घरांतल्या गुलामांना या हुकुमाने हात लागला नाही. काही सरकारी कचेऱ्यांतले गुलामही तसेच राहिले.

म्हणजे ती वही राणीने जाळली हे खरे, पण ती पोकळ कोणी केली? रात्री-बेरात्री डोंगर ओलांडून गेलेल्या त्या पायांनी. पकडले गेले त्यांच्या अंगावर वळ उठले. तरीही मागचे पळतच राहिले. हे कळल्यावर मी सॉलच्या गालावरच्या डागाचा प्रसंग पुन्हा वाचला. पहिल्या वाचनात तो मला फक्त क्रौर्य म्हणून दिसला होता.

कायद्याने वंशपरंपरागत गुलामी १८८६ साली बंद झाली आणि एकूण गुलामी १८९४ साली. त्याच १८९४ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला होता. त्यांच्या मागण्यांमध्ये गुलामीचे कागद जाळा आणि बेकजोंगांच्या डोक्यावरची ती बांबूची टोपी काढा, या दोन मागण्या होत्या असे नोंदलेले आहे. टोपी काढा! केवढी साधी मागणी, आणि तिच्यासाठी माणसे मेली.

आता त्या ख्रिस्ती लोकांविषयी. कादंबरीत त्यांचा छळ हा मोठा धागा आहे. लेखिकेने एक गोष्ट चांगली केली आहे. कोणालाही धुतल्या तांदळासारखे दाखवलेले नाही. पण लोक या नव्या पंथाकडे का ओढले गेले असतील, ते नीट दिसते. इतिहासात याचा दाखला आहे. १७९१ साली युन जी-चुंग नावाच्या एका यांगबान तरुणाने आई वारल्यावर पूर्वजांच्या नावाच्या पाट्या जाळल्या आणि त्यांच्यापुढे करायचे विधी नाकारले. केवळ यासाठी त्याचा आणि त्याच्या मामेभावाचा शिरच्छेद झाला. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती विहारात एका दमात म्हणतो. ती मोडली नाही म्हणून नातेवाइकांशी वाकडे आलेली घरे आपल्यात आहेत, त्यांना युन जी-चुंगचे मन कळेल. जाता जाता सांगते, या दोघा भावांची हाडे २०२१ साली जोंजूजवळ सापडली आणि तपासणीअंती ती त्यांचीच ठरली. सव्वादोनशे वर्षांनी हाडे बोलली.

आणि दुसरा दाखला ह्वांग इल-ग्वांगचा. हा जन्माने कसाई, म्हणजे बेकजोंग. ख्रिस्ती झाल्यावर यांगबान घरातले लोक त्याला आपल्याबरोबर एका खोलीत बसवू लागले, भाऊ म्हणू लागले. त्याचे बोलणे लोकांच्या स्मरणात राहिले आहे. तो म्हणे, माझ्यासाठी स्वर्ग दोन आहेत. एक मेल्यानंतरचा, आणि दुसरा इथला, जिथे माझी जात माहीत असूनही माणसे मला माणसासारखे वागवतात. १८०२ साली त्याला ठार मारले. २०१४ साली पोप फ्रान्सिस सोलला गेले, तेव्हा त्या देशातल्या १२४ हुतात्म्यांना चर्चने धन्य म्हणून घोषित केले. त्यांत हा कसाईही आहे.

मेल्यानंतरचा स्वर्ग आपण मानत नाही. पण त्याचा तो दुसरा स्वर्ग कोणाला कळणार नाही? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत जमले होते, ते काय मरणानंतरच्या कशासाठी जमले होते? ते याच जन्मी, इथेच, ताठ मानेने चालण्यासाठी जमले होते.

आता येते ती खरी अडचण. माझ्या भाचीने पुस्तक मिटून मला विचारले, ‘आत्या, कोरिया तर बौद्ध देश ना? मग तिथे गुलाम कसे?’

हा प्रश्न टाळता आला असता. ‘ते कन्फ्यूशियसवाल्यांचे राज्य होते, बौद्धांचे नव्हे,’ एवढे सांगून मोकळे होता आले असते. आणि त्यात तथ्यही आहे. जोसनच्या राज्यकर्त्यांनी धम्माला फार छळले. विहार बंद केले, भिक्खूंना हीन लोकांत ढकलले, त्यांच्याकडून किल्ले बांधायची वेठ घेतली. राजधानीच्या वेशीतून आत यायला भिक्खूंना बंदी होती. ती बंदी १८९५ साली उठली. म्हणून सॉलच्या हानयांगमध्ये चीवर दिसायचे नाही. धम्म डोंगरात गेला तो तिथेच राहिला. गंमत अशी की त्याच राजधानीत रात्री वेशी बंद करताना घंटेचे २८ ठोके आणि पहाटे उघडताना ३३ ठोके देत. हे ३३ कुठले? बौद्ध ग्रंथांतल्या तावतिंस म्हणजे तेहतीस देवांच्या लोकावरून आलेले, असे सांगतात. भिक्खूला आत घ्यायचे नाही, पण वेस त्याच्याच आकड्याने उघडायची! आजही सोल शहरात नव्या वर्षाच्या मध्यरात्री ती घंटा ३३ वेळा वाजवतात.

पण एवढेच सांगितले असते तर ते अर्धे सत्य झाले असते. जोसनच्या आधी कोर्यो नावाचे राज्य होते, ९१८ ते १३९२. तिथे धम्म राजमान्य होता. त्रिपिटकाचे ८० हजारांहून अधिक लाकडी ठसे त्याच काळात कोरले गेले. हेइन्सा विहारात ते आजही जपून ठेवले आहेत. मोठे थोर काम. आणि त्याच काळात मोठमोठ्या विहारांच्या मालकीच्या जमिनी होत्या आणि त्या जमिनींवर राबणारे गुलामही होते. विहारांचे गुलाम! पुढे जोसनच्या राजाने १४०६ साली विहारांच्या जमिनी आणि गुलाम काढून घेतले. त्यांना सोडले का? नाही. सरकारी गुलाम करून टाकले. मालक बदलला, गळ्यातला फास तोच.

हे वाचून मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत जिवंत प्राण्यांचा व्यापार आहे आणि त्यात माणसांची खरेदी-विक्री येते. अंगुत्तर निकायात ते आहे. तेच त्रिपिटक ठशांवर कोरणाऱ्या देशातल्या विहारांत गुलाम राबत होते. आणखी एक बोचणारी गोष्ट. त्याच पाच व्यापारांत मांसाचा व्यापारही आहे. बेकजोंगांना हीन मानण्यामागे जीवहत्येविषयीची ही नावड हेही एक कारण होते, असे अभ्यासक सांगतात. राजेरजवाडे मांस खात होते, ते हीन ठरले नाहीत. कापणारा ठरला. आपल्याकडेही मेलेले ढोर ओढणारा हीन ठरला आणि त्याच कातड्याचे जोडे घालणारा उजळ माथ्याने फिरला.

मी भाचीला सांगितले, देश बौद्ध आहे एवढ्याने काही होत नाही, हे बाबासाहेबांना चांगले ठाऊक होते. म्हणून तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खूंविषयी रोखठोक प्रश्न टाकला आहे. भिक्खू स्वतःपुरता परिपूर्ण होण्यासाठी आहे की समाजाचा सेवक होण्यासाठी? आपण वर्षावासात दरवर्षी हा ग्रंथ वाचतो, पण प्रस्तावना पुष्कळदा उलटून पुढे जातो. यंदा ती थांबून वाचावी. कोरियाचा इतिहास शेजारी ठेवला तर ती अधिक कळते.

भाचीने मग दुसरा प्रश्न काढला, ‘त्या टोपीवाल्यांचे पुढे काय झाले?’ कादंबरी तिथपर्यंत जात नाही. १८९४ च्या कायद्याने बेकजोंग सरकारदप्तरी समान झाले, पण गावाने त्यांना समान मानले नाही. पुढे जपानी अंमल आला, तेव्हाही नोंदवहीत त्यांच्या नावापुढे वेगळी खूण असे. मुलाला शाळेत घातले की इतर पालक ओरड करत. शेवटी एप्रिल १९२३ मध्ये जिंजू गावी त्यांनी स्वतःची संघटना काढली. नाव ठेवले ह्योंगप्योंगसा. यातला पहिला शब्द तराजूचा आहे. जन्मभर मांस तोलणाऱ्यांनी आपल्या हातातला तराजूच संघटनेचे नाव म्हणून उचलला! पुढाकार घेणाऱ्यांत जांग जी-पिल हा शिकलेला बेकजोंग होता, मुलाला शाळेत घेतले नाही म्हणून पेटून उठलेला यी हाक-चान होता आणि कांग सांग-हो नावाचा एक यांगबानही होता. गावाने काय केले? त्यांच्याकडचे मांस घ्यायचे नाही असा बहिष्कार पुकारला. जपानमधल्या तशाच पिडलेल्या लोकांची सुइहेइशा ही संघटना आदल्या वर्षी, १९२२ मध्ये, निघाली होती. आणि ज्या एप्रिल १९२३ मध्ये जिंजूत ही सभा भरली, त्याच महिन्यात बाबासाहेब विलायतेचे शिक्षण पुरे करून मुंबईला परतले. त्या लोकांना आपली खबर नव्हती. पण चूल वेगवेगळ्या घरात एकाच वेळी पेटावी तसे ते झाले.

पुस्तक घ्यावे की नाही? घ्यावे. इंग्रजी अवघड नाही, सॉल स्वतःच गोष्ट सांगते. दहावी झालेल्या मुलीला शब्दकोश जवळ घेऊन जमेल. तीनशेच्या आसपास पाने आहेत. सुरुवातीला कोरियन नावांचा गोंधळ होतो. तेव्हा एका कागदावर नावे आणि नाती लिहून ठेवावी, आम्ही तसेच केले. पोलिसांच्या छळाचे आणि प्रेतांचे प्रसंग आहेत, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नये. दोष सांगायचे तर शेवटाकडे योगायोग फार होतात. मध्ये काही पाने राजदरबाराच्या भानगडीत जातात आणि सॉल मागे पडते. मला तेव्हा चुकल्यासारखे झाले. सरदारांची कारस्थाने आपण पुष्कळ वाचली आहेत. प्रेताला हात लावणाऱ्या मुलीच्या मनात काय चालते, ते कुठे वाचायला मिळते?

हे सगळे आम्ही दोघी बोलत होतो तेव्हा माझी आई शेजारी बसून तांदूळ निवडत होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण गोष्ट तिने पहिल्यापासून ऐकली होती. रोज संध्याकाळी भाची जेवढे वाचून होईल तेवढे तिला मराठीत सांगायची आणि आई मध्येच ‘त्या पोरीनं खाल्लं का काही?’ असे विचारायची. राणीच्या वह्या, घंटेचे ठोके, तराजू, आमची चर्चा बराच वेळ चालली. आईने सूप खाली ठेवले आणि नातीला म्हणाली, ‘ते समदं ऱ्हाऊ दे बाई. त्या बाईला मारलं कुणी, ते सांग आधी.’

भाचीने माझ्याकडे पाहिले. अजून पन्नास पाने राहिली होती. दिवा लावून दोघी पुन्हा वाचायला बसल्या.